मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि लेन्सची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक टेबल असतं. तपासणी झाली की पेशंटला तिथे बसवतात, समोर लेन्सचं दरपत्रक ठेवतात आणि विचारतात, "कुठली घालायची?" त्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसते आहे. खालचे प्रश्न तिथे आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतात. निम्मे पेशंटचे, निम्मे पुण्यात नाहीतर परदेशात असलेल्या मुलासुनांचे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचा डोळा ज्यांनी तपासला, त्यांचा शब्द या पानापेक्षा मोठा.

1. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर पडदा येतो ना?

वर काही येत नाही. बाहुलीच्या मागे आपलं जन्मजात भिंग असतं, साधारण 9-10 मिलिमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर जाड. तरुणपणी ते काचेसारखं स्वच्छ असतं. वय वाढतं तशी त्यातली प्रथिनं बदलतात आणि भिंग पिवळट, तपकिरी किंवा दुधी होत जातं. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडला की पाण्यासारखा असलेला पांढरा होतो, तसंच काहीसं, फक्त वर्षानुवर्षं चालणारं. या गढूळ भिंगालाच मोतीबिंदू म्हणतात. वयाखेरीज मधुमेह, डोळ्याला बसलेला मार, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधं आणि विडी-सिगारेट यांनीही तो लवकर येतो. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारं मांसल जाळं दिसत असेल, तर ती वेल. तिचा मोतीबिंदूशी संबंध नाही.

2. मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच का?

नाही, आणि ही गफलत महागात पडते. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस खराब होते, बहुतेकदा आतला दाब वाढल्याने, आणि गेलेली नजर परत येत नाही. "बाबांना बिंदू आहे, वय झालं की करू ऑपरेशन" असं म्हणून काचबिंदूचे थेंब बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत. कागदावर नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्या. दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात.

3. थेंब टाकून मोतीबिंदू विरघळतो का? मध, गुलाबपाणी, त्रिफळा?

विरघळत नाही. मोतीबिंदू घालवणारं कुठलंही औषध आज सिद्ध झालेलं नाही. घरचा मध किंवा कुणीतरी दिलेला अर्क डोळ्यात घातल्याने जंतुसंसर्ग होऊन बुबुळावर जखम होऊ शकते. सुरुवातीच्या काळात चष्म्याचा नंबर बदलून चांगलं दिसत असेल तर तेवढं करा. त्या टप्प्यावर करण्यासारखं तेवढंच आहे.

4. आईला सत्तरीनंतर चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागलाय. मग मोतीबिंदू कसा असेल?

म्हणूनच आहे. भिंगाचा मधला गाभा कडक होत गेला की डोळ्याला मायनस नंबर येतो आणि जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं. घरात कौतुक होतं, "आजीची नजर परत आली!" त्याच वेळी समोरून येणाऱ्या एसटीची पाटी मात्र वाचता येत नसते. हा काळ सरतो. पुढे जवळचंही धूसर होतं.

5. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं ना?

नाही. हा सल्ला तुमच्या आजोबांच्या काळात बरोबर होता. तेव्हा मोठा छेद घेऊन अख्खं भिंग बाहेर काढत, टाके घालत, आठवडाभर पाठीवर निजवून ठेवत आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. एवढ्या त्रासानंतर मिळणारी नजर आधीच्यापेक्षा बरी ठरायची असेल, तर आधीची पुरती जाऊ देणंच शहाणपणाचं होतं. आता उलट आहे. भिंग जितकं कडक, तितकी ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना जास्त धक्का पोचतो. फारच पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो, डोळ्याचा दाब एकदम चढतो, डोळा ठणकतो. मग घाईत, वाईट परिस्थितीत ऑपरेशन करावं लागतं.

मग कधी करायचं? नवा चष्मा घालूनही तुमचं रोजचं काम अडायला लागलं की. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, तांदळातला खडा सापडत नाही, जिन्याची शेवटची पायरी चुकते. तपासणीत तक्त्यावरची कितवी ओळ वाचता आली, त्यापेक्षा मी या गोष्टी जास्त धरते. काम अडत नसेल आणि डॉक्टरांना धोका दिसत नसेल, तर थांबायलाही हरकत नाही.

6. उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये म्हणतात. दिवाळीनंतर करू का?

ऋतूचा काही संबंध नाही. ऑपरेशन थिएटर बाराही महिने सारखंच असतं. हा समज टाके घालायच्या काळातला आहे, तेव्हा घामाने पट्टी भिजायची. घरात लग्न आहे, पेरणी आहे म्हणून पुढे ढकला, ते कारण खरं आहे.

7. ऑपरेशन लेझरनं करतात ना?

बहुतेक वेळा नाही. लोक ज्याला लेझर म्हणतात ते फेको. त्यात अल्ट्रासाउंडच्या लहरी वापरतात. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांना ही युक्ती दातांच्या डॉक्टरकडे बसल्यावर, दात साफ करायच्या यंत्रावरून सुचली आणि 1967 मध्ये त्यांनी ती माणसावर वापरली.

बुबुळाच्या कडेला साधारण 2.2 ते 2.8 मिलिमीटरचा छेद घेतात. भिंगाभोवती पातळ पिशवी असते, तिच्या समोरच्या बाजूला पाचेक मिलिमीटरचं गोल झाकण उघडतात. आतलं भिंग लहरींनी फोडून ओढून घेतात, पिशवी तशीच ठेवतात. मग नवी लेन्स घडी करून, सुईसारख्या नळीतून त्या पिशवीत सोडतात आणि ती आत हळूहळू उलगडते. पहिल्यांदा मॉनिटरवर पाहिलं तेव्हा मला पापड तेलात पसरतो त्याची आठवण झाली, फक्त संथ गतीने. छेद आपोआप मिटतो, टाका लागत नाही.

दुसरी पद्धत लहान छेदाची हाताने करायची, एसआयसीएस. छेद साधारण 6-7 मिलिमीटरचा, तोही बहुधा टाक्याविना मिटतो. अतिशय कडक मोतीबिंदूत अनेक अनुभवी सर्जन मुद्दाम हीच निवडतात. शिबिरात "फेको नाही केलं" म्हणून हिरमुसून जायचं कारण नाही.

खऱ्या लेझरचं ऑपरेशनही असतं, फेम्टोलेझर. त्यात छेद, झाकण आणि भिंगाचे सुरुवातीचे तुकडे लेझरने करतात, पुढचं काम फेकोनेच. फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मोठ्या चाचण्यांत त्याने मिळणारी नजर साध्या फेकोपेक्षा सरस ठरली नाही. पैसे मर्यादित असतील तर मी ते इथे घालवणार नाही.

8. दुखतं का? भूल कशी देतात?

पूर्ण भूल क्वचितच लागते. बहुतेकांना नुसते थेंब टाकून बधिर करतात, काहींना डोळ्याशेजारी इंजेक्शन देतात. ऑपरेशन 10 ते 20 मिनिटांचं. दिव्याचा झोत दिसतो, पाणी ओघळल्यासारखं वाटतं, थोडा दाब जाणवतो. त्याच दिवशी घरी. खोकल्याची ढास, मान थरथरणं, सरळ झोपल्यावर दम लागणं यातलं काहीही असेल तर आधी सांगा. मी विचारलं तर लोक "नाही, नाही" म्हणतात आणि टेबलावर झोपल्यावर खोकतात.

9. आधीच्या मोजमापाला एवढा वेळ का लावतात?

कारण लेन्सचा नंबर तिथेच ठरतो. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण 23-24 मिलिमीटर. ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. म्हणजे ऑपरेशन उत्तम होऊनही पेशंट म्हणणार, "दिसत नाही." लांबीबरोबर बुबुळाची गोलाईही मोजतात आणि त्यावरून सूत्राने लेन्सची पॉवर काढतात.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी मऊ लेन्स किमान आठवडाभर, कडक लेन्स दोन-तीन आठवडे बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांनी बुबुळाची गोलाई बदलते. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार घ्या. कोरड्या बुबुळाचं माप दर वेळी वेगळं येतं. माप पुन्हा घ्यायला बोलावलं तर वैतागू नका. बोलावणारा दवाखाना चांगला.

10. ही लेन्स कशाची असते आणि किती वर्षं टिकते?

आता बहुतेक घडी होणाऱ्या ॲक्रिलिकच्या. मधला गोल भाग साधारण 6 मिलिमीटर, दोन्ही बाजूंना तोलून धरणारे नाजूक हात. आयुष्यभर टिकते. बदलावी, धुवावी, काढावी लागत नाही. एमआरआयला किंवा विमानतळावरच्या तपासणीला अडचण येत नाही.

गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे घुसत. लंडनच्या हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोळा ते तुकडे मुकाट सहन करतो. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स एका बाईच्या डोळ्यात बसवली. लेन्स डोळ्यानं स्वीकारली, पण पॉवरचा अंदाज चुकला आणि मोठा मायनस नंबर राहिला. प्रश्न 9 मधलं मोजमाप का महत्त्वाचं, ते तेव्हापासून ठाऊक आहे.

11. लेन्सचे प्रकार सोप्या भाषेत सांगाल का?

दरपत्रकावरची नावं कंपन्यांची असतात, ती बाजूला ठेवा. प्रश्न एकच: चष्म्याशिवाय कुठल्या अंतरावरचं दिसायला हवं?

मोनोफोकल लेन्स एका अंतरासाठी. बहुतेक जण दूरचं निवडतात. रस्ता, टीव्ही, माणसं चष्म्याशिवाय. पेपर, मोबाइल, सुई-दोरा चष्म्याने. प्रकाश वाटला जात नाही, त्यामुळे चित्र सगळ्यात खणखणीत आणि रात्री त्रास सगळ्यात कमी. हिचीच थोडी सुधारलेली जात आता मिळते, तिच्यात दूरबरोबर हातभर अंतरावरचंही जरा बरं दिसतं.

ईडॉफ नावाची लेन्स नजरेची पट्टी लांबवते. दूरपासून संगणकापर्यंत, ओट्यावरच्या कढईपर्यंत चांगलं दिसतं. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला बहुधा हलका चष्मा लागतोच.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल लेन्सवर एकात एक वर्तुळाकार खाचा असतात. त्या येणारा प्रकाश दूर, मध्यम आणि जवळ असा वाटून देतात. बऱ्याच जणांचा चष्मा जवळजवळ सुटतो. किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: रुपयांत, आणि रात्री दिव्याभोवती दिसणाऱ्या वलयांत. अंधुक उजेडात चित्र जरा फिकट वाटतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, काहींना ती होतच नाही.

टॉरिक हा सिलिंड्रिकल नंबरसाठीचा (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणाऱ्या नंबरसाठीचा) गुण आहे. तो वरच्या कुठल्याही जातीत मिळू शकतो. त्याबद्दल प्रश्न 14.

12. सगळ्यात महागडी लेन्स घातली तर सगळ्यात चांगलं दिसेल ना?

मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यात प्रेम असतं. "आईसाठी बेस्ट टाका, पैशाचं बघू नका." पण महाग लेन्सने जास्त अंतरांवरचं दिसतं, जास्त स्पष्ट नाही. दूरचं बघण्यात साधी मोनोफोकल तिच्याहून काकणभर सरसच.

म्हणून मी दर आधी सांगत नाही, दिवस कसा जातो ते विचारते. एका काकूंच्या मुलाने परदेशातून फोनवर ट्रायफोकल ठरवली होती. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी पोथी, दुपारी गोधडी, चष्मा माझ्या नाकाचाच भाग झालाय. तो नसला तर उघडंवाघडं वाटतं." त्यांनी मोनोफोकल घेतली. उलट एक भाजीवाल्या मावशी: एक हात तराजूवर, दुसरा पैशांवर, पावसात चष्म्यावर पाणी. त्यांना चष्मा सुटणं म्हणजे धंदा सोपा होणं होतं, आणि डोळा आतून निरोगी होता. त्यांना मल्टिफोकलचा खर्च वसूल झाला.

13. मल्टिफोकल कुणी घेऊ नये?

डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, खराब असेल (मधुमेहाने, वयाने), काचबिंदू पुढे गेलेला असेल, बुबुळावर डाग किंवा वेडावाकडा आकार असेल, तर नको. आधीच कमी पोचणारा प्रकाश आणखी वाटून चालत नाही. म्हणून अशी लेन्स घालण्याआधी पडद्याचं ओसीटी (थर दाखवणारं स्कॅन) करून घ्या.

रात्री ट्रक, टॅक्सी, एसटी चालवणाऱ्यांनी टाळावी. आणि एक प्रकार कुठल्या यंत्रावर दिसत नाही: अतिशय काटेकोर स्वभाव. चष्म्याची काडी अर्धा मिलिमीटर वाकली म्हणून तीनदा दुकानात जाणारे काका वलयांशी जुळवून घेणार नाहीत. हे मी तोंडावर सांगते, बहुतेक जण हसून मान्य करतात.

14. माझ्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे. टॉरिक लेन्स घ्यायलाच हवी का?

चष्म्यातला नंबर पाहून ठरवू नका. सिलिंड्रिकल नंबर बुबुळातून येतो आणि काही वेळा मोतीबिंदू झालेल्या भिंगातूनही. भिंग तर काढूनच टाकणार. उरतो बुबुळाचा, तो मोजमापात कळतो. तो साधारण एकच्या आत असेल तर साध्या लेन्सवर निभतं. जास्त असेल तर टॉरिकचे पैसे सत्कारणी लागतात, मल्टिफोकलपेक्षाही आधी.

एक बारकी गोष्ट. टॉरिक लेन्स ठरलेल्या कोनातच बसायला हवी. एक अंश फिरली तर जवळजवळ 3 टक्के परिणाम जातो, 30 अंश फिरली तर घातली काय न घातली काय. नंतर फार फिरल्याचं दिसलं, तर सर्जन छोट्या प्रक्रियेत ती सरळ करतात.

15. मला लहानपणापासून मायनस नंबर आहे. आता सगळेच दूरचं निवडतात, मीही तेच करू?

थांबा. या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते.

एक सोनार काका होते. आयुष्यभर मायनस अडीच. गल्ल्यावर बसले की चष्मा कपाळावर चढवायचे आणि उघड्या डोळ्यांनी तारेवर मणी ओवायचे. दुसऱ्या एका गावी त्यांचं ऑपरेशन झालं, नंबर दूरसाठी शून्य साधला. कागदावर निकाल उत्कृष्ट. काका माझ्यासमोर बसून म्हणाले, "ताई, बस दिसते हो. पण अंगठी दिसत नाही." त्यांना ऑपरेशनआधी कुणी विचारलंच नव्हतं की चष्मा न लावता ते काय काय करतात.

मायनस नंबरवाल्यांना जवळची उघडी नजर फुकट मिळालेली असते, म्हणून तिची किंमत कळत नाही. सोनार, शिंपी, घड्याळजी, नक्षी काढणारे, रात्री आडवं पडून वाचणारे यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: "मला जवळचं चष्म्याशिवाय हवंय, दूरसाठी चष्मा चालेल." मग मोनोफोकलच मुद्दाम मायनस दोन-अडीचला ठेवता येते. दरात फरक नाही.

16. एका डोळ्याला दूरचं आणि एकाला जवळचं, असं करतात म्हणे. तिरळं नाही वाटणार?

याला मोनोव्हिजन म्हणतात. दोन्हीकडे साधीच लेन्स, पण एक डोळा दूरसाठी, दुसरा साधारण मायनस सव्वा-दीडपर्यंत ठेवलेला. मेंदू हवं ते चित्र उचलतो. बऱ्याच जणांना मोबाइल, किंमतीचं लेबल, ताटातलं जेवण चष्म्याशिवाय जमतं. खोलीचा अंदाज थोडा कमी होतो, बारीक वाचनाला चष्मा लागतो. निवडण्याआधी चष्म्याच्या चाचणी-फ्रेममध्ये किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावून हे अनुभवता येतं. चक्करल्यासारखं झालं तर सोडून द्या. मल्टिफोकलचा खर्च झेपत नाही पण चष्मा कमी हवाय, अशांना मी हा पर्याय आवर्जून सांगते. दरपत्रकावर तो नसतो.

17. भारतीय लेन्स चांगली की परदेशी?

देशापेक्षा लेन्सचं द्रव्य आणि कडेची ठेवण बघा. पाणी न शोषणाऱ्या, म्हणजे हायड्रोफोबिक ॲक्रिलिकच्या चौकोनी कडेच्या लेन्समागे पिशवी गढूळ होण्याचं प्रमाण कमी असतं (प्रश्न 23). अशा लेन्स भारतातही बनतात. 1992 मध्ये मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब सुरू केली आणि तेव्हा परदेशातून येणाऱ्या, गरिबाच्या आवाक्याबाहेरच्या लेन्सची किंमत कितीतरी खाली आणली. तिथल्या लेन्स अनेक देशांत जातात.

पिवळसर छटेच्या लेन्स निळा प्रकाश अडवतात. पडद्याचं त्यामुळे रक्षण होतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. केवळ त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

18. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, प्रोस्टेटची गोळी: काय बंद करायचं?

स्वतःहून काहीच नाही. थेंबांच्या भुलेत केलेल्या फेकोसाठी रक्त पातळ करणारी गोळी बहुधा चालूच ठेवतात. ती परस्पर बंद करून हृदयाचा झटका ओढवून घेऊ नका. साखर आटोक्यात हवी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पडदा आधी तपासलेला हवा. पडद्याला सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनी हे नक्की सांगावं, पूर्वी घेत होता तरीही. या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, ऑपरेशनमध्ये फडफडतो आणि बाहुली आकसते. गोळी थांबवली तरी परिणाम लगेच जात नाही. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीने जातो. लाजून लपवू नका.

19. वीस वर्षांपूर्वी लॅसिक केलं होतं. काही फरक पडतो?

पडतो. लॅसिकने, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझरने, बुबुळाची गोलाई बदललेली असते, त्यामुळे नेहमीच्या सूत्राने काढलेली लेन्सची पॉवर चुकते. यासाठी वेगळी सूत्रं आहेत, तरीही थोडा नंबर राहण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. जुने कागद, लॅसिकआधीचा चष्म्याचा नंबर, मिळेल ते शोधून न्या. मल्टिफोकलबाबत इथे हात आखडता घेतलेला बरा.

20. घरी आल्यावर पथ्य काय? भात, आंबट, दूध बंद करायचं का?

खाण्याला काहीही बंदी नाही. मधुमेहाचं पथ्य आहे तेच.

डोळा चोळायचा नाही, झोपताना कवच लावायचं. नळाचं पाणी, साबण डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, म्हणून निदान आठवडाभर, किंवा डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, डोक्यावरून अंघोळ नको. केस धुवायचेच असतील तर पार्लरसारखं मान मागे टाकून दुसऱ्याने धुवावेत. चुलीचा धूर, मळणीची धूळ, पोहणं काही आठवडे टाळा. टीव्ही, मोबाइल दुसऱ्या दिवसापासून चालेल, त्याने लेन्स "सरकत" नाही. सूर्यनमस्कार आणि पाण्याची कळशी उचलणं पुढच्या तपासणीनंतर.

थेंब चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करत नेतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, संपले नाहीत म्हणून पुढेही टाकत राहू नका. त्यात स्टिरॉइड असतं, ते लांबलं तर काहींचा डोळ्याचा दाब वाढतो. चष्म्याचा पक्का नंबर साधारण महिनाभराने.

21. कुठल्या तक्रारीला रात्रीसुद्धा फोन करायचा?

वाढत जाणारं दुखणं, वाढत जाणारा लालपणा, पू, आणि आलेली नजर पुन्हा कमी होणं. विशेषतः पहिल्या आठवड्यात. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर एकेक तास मोलाचा असतो. तो विरळा आहे, चांगल्या केंद्रांत हजारात एकाहूनही कमी, पण सकाळपर्यंत थांबण्यासारखा नाही. अचानक काळे ठिपके उसळणं, वीज चमकल्यासारखं होणं किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं दिसणं, हे महिन्यांनंतर झालं तरी त्याच दिवशी दाखवा. डोळ्यातला मागचा पडदा (रेटिना) सुटत असल्याचा तो इशारा असू शकतो.

थोडं खुपणं, पाणी येणं, पहिल्या दिवशी धुक्यासारखं दिसणं हे चालतं.

22. सगळं निळसर दिसतंय, आणि कानाच्या बाजूला काळी कोर दिसते. लेन्स वाईट लागली का?

बहुधा नाही. इतकी वर्षं पिवळ्या काचेतून पाहत होतात, ती निघाली. एकाच डोळ्याचं झालं असेल तर आलटून पालटून एकेक डोळा झाका; ऑपरेशनच्या डोळ्यात पांढरं धोतर पांढरं, दुसऱ्यात चहा सांडल्यासारखं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं 1923 मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनीही निळ्या रंगाबद्दल कुरकुर केली होती. काही आठवड्यांत सवय होते.

कडेची काळी कोर लेन्सच्या कडेशी प्रकाश वळल्याने दिसते आणि बहुतेकांत ती काही महिन्यांत जाणवेनाशी होते. मात्र कोर वाढत असेल तर प्रश्न 21.

23. दोन वर्षांनी पुन्हा धूसर झालं. मोतीबिंदू परत आला?

परत येत नाही, भिंगच उरलेलं नाही. मागे ठेवलेली पिशवी गढूळ झाली असेल. तिच्यात याग लेझरने छोटी खिडकी पाडतात. छेद नाही, काही मिनिटांचं काम. "लेझर" हा शब्द खरा इथे लागू पडतो.

एक सूचना, जी फार कमी जण सांगतात: मल्टिफोकल घालून सुरुवातीपासूनच नाराज असाल, तर याग लेझरची घाई करू नका. खिडकी पाडल्यावर लेन्स बदलणं अवघड आणि जोखमीचं होतं. आधी ठरवा की तक्रार पिशवीची आहे की लेन्सची.

24. नंबर चुकला किंवा लेन्स पटली नाही तर बदलता येते?

येते, पण लेन्स बदलणं हा पहिला उपाय नाही. छोटा नंबर उरला असेल तर चष्मा, काहींना बुबुळावर लेझर. लेन्स बदलायचीच असेल तर पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत सोपं, नंतर ती पिशवीला घट्ट चिकटते. तुमच्या लेन्सचं नाव, पॉवर आणि क्रमांक असलेलं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावलेलं असतं. ते कार्ड रेशनकार्डाइतकं जपा, फोटोही काढून ठेवा.

25. पैसे नाहीत. आणि विमा असेल तर किती मिळतो?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत आणि संस्थांच्या शिबिरांत लेन्ससकट ऑपरेशन मोफत होतं. लेन्स मोनोफोकल असते, आणि प्रश्न 12 वाचला असेल तर ती कमी नाही हे लक्षात आलं असेल. जिल्हा रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात चौकशी करा.

खासगी विम्यात बहुतेकदा मोतीबिंदूसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते आणि एका डोळ्याला कमाल रक्कम ठरलेली असते. मल्टिफोकलचा वरचा खर्च अनेक पॉलिसी देत नाहीत. तारीख घेण्याआधी लेखी मंजुरी घ्या.

26. एक डोळा झाला. दुसरा कधी?

पहिला स्थिरावला की, साधारण एक ते काही आठवड्यांनी. पहिल्याचा निकाल पाहून दुसऱ्याचं माप सुधारता येतं, हा थांबण्याचा फायदा. पण दोन डोळ्यांत नंबरचा मोठा फरक पडला असेल (प्रश्न 15 मधले मायनसवाले), तर चष्म्याने दोन्ही चित्रं जुळत नाहीत आणि डोकं गरगरतं. मग लांबवू नका.

27. आजी नव्वदीच्या आहेत, विसरभोळ्या झाल्यात. आता कशाला ऑपरेशन?

वय आडवं येत नाही. दिसत नसल्यानं म्हातारं माणूस पडतं, माणसं ओळखत नाही, गप्प होतं, आणि घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा वाढला. भूल थेंबांची असल्याने शरीरावर ताण कमी. अडचण असते ती स्थिर पडून राहण्याची आणि नंतर डोळा न चोळण्याची. ओळखीचं माणूस हात धरायला थिएटरमध्ये येऊ देतील का ते विचारा, काही ठिकाणी देतात. लेन्स साधीच निवडा, आणि थेंबांची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर द्या.

28. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसतंय. मोठं झाल्यावर ऑपरेशन करायचं ना?

वर "थांबायलाही हरकत नाही" म्हटलंय, ते इथे लागू नाही. बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यांत बघायला शिकतो. तेव्हा चित्रच पोचलं नाही, तर नंतर ऑपरेशन करूनही नजर येत नाही. शिवाय पांढरी बाहुली हे डोळ्यातल्या गाठीचंही लक्षण असू शकतं. बऱ्याचदा ते मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत पहिल्यांदा दिसतं: एक बाहुली लाल, एक पांढरी. तो फोटो घेऊन याच आठवड्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.